‘माझं कार्ड तिकडे चालेल का?’ : परदेशातल्या कॉन्फरन्सआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न



अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारला गेला, गाईडची सही झाली, व्हिसाची तारीख मिळाली की लॅबमधल्या ज्युनिअर मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘माझं क्रेडिट कार्ड तिकडे चालेल का?’ यावर सिनिअर लोकांकडून उत्तर येतं, ‘हो रे, व्हिसा-मास्टरकार्ड जगात सगळीकडे चालतं.’ हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. आणि अपुऱ्या उत्तराची किंमत रात्री अकरा वाजता हॉटेलच्या काउंटरवर कळली तर ती फार जास्त असते.

आपली परिस्थिती लक्षात घ्या. जेआरएफचे महिना ३७,००० रुपये, त्यातून घरभाडं आणि मेस. ट्रॅव्हल ग्रँट मंजूर झाली असली, तरी बहुतेक ठिकाणी पैसे हातात येतात ते परत आल्यावर, बिलं जमा केल्यावर. म्हणजे दरम्यानचा सगळा भार तुमच्या एका छोट्या लिमिटच्या कार्डावर. पर्यटकाचं कार्ड अडलं तर त्याचं एक जेवण हुकतं. तुमचं अडलं तर मुक्कामाचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून हा विषय संशोधनाच्या तयारीतलाच एक भाग समजा.

आधी कार्ड टॅप केल्यावर आत काय होतं ते थोडक्यात पाहू. दुकानातलं मशीन तुमच्या कार्डाचा क्रमांक वाचतं. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून नेटवर्क आणि कार्ड देणारी बँक ओळखता येते. ४ ने सुरू झालं तर व्हिसा, ५१ ते ५५ असेल तर मास्टरकार्ड, ३४ किंवा ३७ असेल तर अमेरिकन एक्स्प्रेस. मशीन ही मागणी दुकानदाराच्या बँकेकडे पाठवतं, ती बँक नेटवर्ककडे, नेटवर्क तुमच्या भारतातल्या बँकेकडे, आणि होकार किंवा नकार त्याच वाटेने उलटा परत येतो. हे सगळं काही सेकंदांत. पण साखळी आहे म्हटल्यावर ती कुठल्याही कडीला तुटू शकते. म्हणून ‘चालेल का?’ हा एक प्रश्न नाही, ते पाच वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि उपायही वेगळा.

प्रश्न १ : समोरचा माणूस कार्ड घेतो का?

युरोप म्हणजे सगळं कॅशलेस, असा आपला एक समज असतो. जर्मनीत उतरल्यावर तो उतरतो. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे बुंडेसबँकेच्या २०२३ च्या पाहणीत निम्म्याहून थोडे जास्त, ५१ टक्के व्यवहार रोखीने झालेले दिसले. छोटी बेकरी, आठवडी बाजार, जुनं रेस्टॉरंट अशा ठिकाणी ‘नुअर बारत्सालुंग’ अशी पाटी दिसली, तर त्याचा अर्थ ‘फक्त रोख’. जपानमध्येही छोट्या खानावळीत दाराशी कुपन देणारं मशीन असतं आणि त्यातली बरीच मशीनं नोटा-नाणीच घेतात.

आता उलटं उदाहरण. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. कार्ड टॅप करा, नाहीतर त्यांचं ऑयस्टर कार्ड वापरा. नेदरलँड्समध्ये काही दुकानांवर ‘अलेन पिनन’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त कार्ड, रोख नाही.

तेव्हा देशाच्या श्रीमंतीवरून अंदाज बांधू नका. शहर आणि दुकानाचा प्रकार पाहा. कॉन्फरन्सच्या स्थानिक आयोजकांना एक ओळीचा ईमेल टाका : ‘कॅम्पसच्या आसपास जेवण आणि बससाठी पैसे कसे भरतात?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. विशेषतः विद्यापीठाच्या कँटीनबद्दल विचाराच. जर्मनीत कँटीनला ‘मेन्झा’ म्हणतात आणि अनेक ठिकाणी तिथे विद्यापीठाचं स्वतःचं चिपकार्ड चालतं. पाहुण्यांसाठी काय सोय आहे, ते आयोजकांनाच माहीत असतं.

प्रश्न २ : घेतो, पण कुठलं कार्ड घेतो?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. दुकानावर ‘कार्ड स्वीकारतो’ अशी पाटी आहे, मशीनही आहे, आणि तरी तुमचं कार्ड चालत नाही. कारण जर्मनीत ‘गिरोकार्ड’ नावाची देशांतर्गत डेबिट कार्डांची व्यवस्था आहे. जुन्या सवयीने लोक तिला अजून ‘ईसी कार्ड’ म्हणतात. काही दुकानदारांच्या लेखी ‘कार्ड’ म्हणजे हेच. नेदरलँड्समधल्या ‘पिन’ या शब्दाचंही तसंच. त्याचा अर्थ डेबिट कार्डाने पैसे देणं, क्रेडिट कार्डाने नव्हे.

दुकानदार असं का करतो? कारण प्रत्येक व्यवहारात त्याच्या खिशातून फी जाते. त्या फीचा एक भाग कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, त्याला इंटरचेंज म्हणतात. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या कार्डांवर त्याची कमाल मर्यादा ठरवली : डेबिटला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के. पण इंटरचेंज म्हणजे पूर्ण फी नव्हे. त्यावर नेटवर्कची आणि दुकानदाराच्या बँकेची फी वेगळी. स्थानिक डेबिट व्यवस्था सहसा स्वस्त पडते. पाव आणि कॉफी विकणाऱ्याला हा फरक जाणवतो.

यातून तीन गोष्टी निघतात.

एक, जिथे क्रेडिट कार्ड चालत नाही तिथे तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड चालू शकतं. मास्टरकार्डने १ जुलै २०२३ पासून युरोपात नवीन ‘माएस्ट्रो’ कार्डं देणं बंद करायला लावलं. त्यांच्या जागी साधी मास्टरकार्ड आणि व्हिसा डेबिट कार्डं येऊ लागली, म्हणून तिथल्या दुकानांनाही ती स्वीकारणं भाग पडत चाललं आहे.

दोन, संस्थेने दिलेलं कॉर्पोरेट कार्ड या ०.३ टक्क्यांच्या मर्यादेत येत नाही. दुकानदाराला ते महाग पडतं, त्यामुळे काही ठिकाणी ते नाकारतात. अमेरिकन एक्स्प्रेसचंही साधारण तसंच, मोठ्या हॉटेलात चालेल, कोपऱ्यावरच्या दुकानात चालेलच असं नाही.

तीन, रुपे. भारतात चहाच्या टपरीवरसुद्धा रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून वापरता येतं, म्हणून ते सर्वत्र चालेल असं वाटतं. परदेशात मात्र रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड डिस्कव्हर, डायनर्स क्लब, जेसीबी अशा भागीदार नेटवर्कच्या आधाराने चालतं. कार्डावर त्या भागीदाराचं चिन्ह आहे का पाहा. नसेल तर ते कार्ड फक्त देशांतर्गत आहे. जिथे ही नेटवर्क दुकानदाराने घेतलेली नाहीत, तिथे कार्ड आणि मशीन दोन्ही ठीक असून व्यवहार होणार नाही.

प्रश्न ३ : कार्ड तुमचंच आहे, हे कसं पटवायचं?

भारतात आपल्याला पिन आणि ओटीपीची इतकी सवय आहे, की जगभर हीच पद्धत असेल असं वाटतं. तसं नाही. युरोपात चिप आणि पिन ही सर्वसाधारण पद्धत. छोट्या रकमेला टॅप, साधारण ५० युरोच्या वर पिन. अमेरिकेत अनेक ठिकाणी पिन विचारतच नाहीत, कधी सही मागतात, कधी तीही नाही. पण तिथल्या पेट्रोल पंपावरचं मशीन पाच अंकी झिप कोड मागतं. आपला पिनकोड सहा अंकी, तो तिथे बसतच नाही. अशा वेळी आत काउंटरवर जाऊन पैसे भरायचे.

जिथे माणूस नाही, म्हणजे स्टेशनवरचं तिकीट मशीन किंवा पार्किंगचं मशीन, तिथे सही करून भागत नाही. क्रेडिट कार्डाचा पिन अनेकांनी कधी वापरलेलाच नसतो, कारण भारतात आपण ऑनलाइन खर्च करतो आणि बाकी टॅप करतो. जाण्याआधी तो पिन भारतातल्या एखाद्या दुकानात एकदा वापरून बघा. चुकीचा पिन सलग काही वेळा टाकला की कार्ड ब्लॉक होतं, हेही लक्षात असू द्या.

आणि ओटीपी. कॉन्फरन्सची जेवणाची कुपनं, रेल्वेचं तिकीट, असे काही व्यवहार तुम्ही तिथे गेल्यावर ऑनलाइन करणार. ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर. म्हणून तिथलं सिम घेतलं तरी भारतातलं सिम फोनमध्येच ठेवा आणि निदान मेसेज येतील इतपत रोमिंग सुरू असल्याची खात्री निघण्याआधी करून घ्या.

प्रश्न ४ : तुमच्याच बँकेने दार उघडलं आहे का?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. आंतरराष्ट्रीय व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि टॅप या तिन्ही गोष्टी ग्राहकाने स्वतः सुरू करायच्या असतात. हे संरक्षणासाठीच आहे आणि चांगलं आहे. पण ‘कार्डावर व्हिसा लिहिलंय ना?’ एवढ्यावर थांबलेल्यांची इथे विकेट पडते.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये जा. तिथे बहुतेक वेळा एक नाही, चार बटणं असतात : परदेशातलं दुकान, परदेशातलं एटीएम, परदेशी वेबसाइट आणि टॅप. प्रत्येकासमोर वेगळी मर्यादा असते. नुसतं बटण सुरू करून मर्यादा शून्यावर किंवा पाच हजारांवर राहिली, तर काही उपयोग नाही.

हा प्रश्न विमानात बसण्याच्या कितीतरी आधी उभा राहतो, तो कॉन्फरन्सच्या नोंदणी शुल्काच्या वेळी. सवलतीच्या दराची शेवटची तारीख, परदेशी वेबसाइट, आणि व्यवहार नाकारला गेला. शुल्क शेवटच्या रात्री भरू नका. चार-पाच दिवस हातात ठेवून भरा. म्हणजे नकार आला तरी बँकेशी बोलायला, नाहीतर आयोजकांकडे बँक ट्रान्सफरचा पर्याय मागायला वेळ राहतो.

प्रश्न ५ : लिमिट शिल्लक आहे का, खरोखर शिल्लक?

समजा तुमचं लिमिट ८०,००० रुपये आहे. विमानाचं तिकीट ५०,००० ला त्याच कार्डावर काढलं. राहिले ३०,०००. हॉटेल चेक-इनच्या वेळी राहण्याचं भाडं आणि वर अनामत म्हणून काही रक्कम ‘होल्ड’ करतं. म्हणजे पैसे कापले जात नाहीत, पण तेवढं लिमिट अडकून पडतं. हॉटेल सोडल्यावरही ते मोकळं व्हायला काही दिवस लागू शकतात. अ‍ॅपमध्ये खर्च कमी दिसतो आणि तरी कार्ड ‘नाही’ म्हणतं, त्याचं हे एक नेहमीचं कारण.

उपाय सोपे आहेत. तिकिटाचं बिल जाण्याआधी भरून लिमिट मोकळं करा. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्डावर अनामत देणं टाळा, कारण तिथे लिमिट नाही, तुमचे खरे पैसे अडकतात. आणि काही हॉटेलं अनामतीसाठी प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. गाईडच्या किंवा वडिलांच्या कार्डावर खोली बुक केली असेल, तर हॉटेलला आधीच लिहून विचारा. काही ठिकाणी पाहुण्याच्याच नावाचं, प्रत्यक्ष हातातलं कार्ड मागतात.

स्वतःचं कार्डच नसेल तर? फेलोशिपला पगाराची स्लिप नसते, म्हणून अर्ज फेटाळले जातात. अनेक बँका मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड देतात. लिमिट ठेवीच्या हिशोबाने मिळतं. पण या प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून व्हिसाच्या तयारीबरोबरच ती सुरू करा.

नकार आला तर तो वाचायला शिका

प्रयोग फसला की आपण आधी विचारतो, नेमकी कुठली पायरी चुकली? इथेही तेच करायचं. मशीनच्या पावतीवर कधीकधी दोन आकडी कोड छापलेला असतो. हे कोड आयएसओ ८५८३ या मानकातून आलेले आहेत. ५१ म्हणजे शिल्लक किंवा लिमिट अपुरं. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली. ५५ म्हणजे पिन चुकला. ५७ म्हणजे या प्रकारच्या व्यवहाराला परवानगी नाही, म्हणजे पहिल्यांदा अ‍ॅपमधली बटणं तपासा. ९१ म्हणजे तुमच्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही, थोडं थांबून पुन्हा करा. ०५ हा सगळ्यात त्रासदायक, ‘बँक नाही म्हणते’ एवढंच तो सांगतो, कारण सांगत नाही. तिथे बँकेला फोन करणं हाच मार्ग.

कोड नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. टॅप झालं नाही तर चिप घालून बघा. तरी नाही, तर त्याच मशीनवर दुसरं कार्ड. दुसरं चाललं तर दोष पहिल्या कार्डात किंवा त्याच्या बँकेत. दुसऱ्या नेटवर्कचंही चाललं नाही, तर मशीन किंवा दुकानदाराची बाजू तपासा. घाबरून एकच कार्ड पाच वेळा टॅप केलं, तर बँकेला तो संशयास्पद व्यवहार वाटू शकतो.

‘रुपयांत भरू का?’ याला नम्रपणे नाही म्हणा

कधी मशीनवर दोन पर्याय दिसतात : युरो किंवा रुपये. आपला रुपया बघून बरं वाटतं, पण तिथला रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि त्यात त्यांचा नफा मिसळलेला असतो. स्थानिक चलनच निवडा.

आकड्यांत पाहू. सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरा. बिल १०० युरो, म्हणजे १०,००० रुपये. तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप ३.५ टक्के असेल तर ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३ रुपये. एकूण १०,४१३. मार्कअप २ टक्के असेल तर २०० अधिक ३६, एकूण १०,२३६. आता मशीनने रुपयांत १०५ चा दर लावला तर सरळ १०,५००. आणि काही बँका परदेशातल्या रुपयांच्या व्यवहारावरही वेगळी फी घेतात. मार्कअप किती हे तुमच्या कार्डाच्या शुल्कपत्रकात लिहिलेलं असतं, ते वाचा.

आणखी एक, क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. फी वेगळी, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू. रोख लागली तर डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड वापरा. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतली एटीएम परदेशी कार्डं घेतात.

दोन कार्डं म्हणजे दोन पर्याय नव्हेत

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा एखादं कार्ड दहातून एकदा अडतं. तसंच दुसरं कार्ड घेतलं, तर दोन्ही एकाच वेळी अडण्याची शक्यता शंभरात एक, असं आपण पटकन म्हणतो. पण संख्याशास्त्रात शिकलेली अट आठवा : दोन्ही घटना स्वतंत्र असल्या तरच हा गुणाकार चालतो.

एकाच बँकेची दोन कार्डं असतील, तर बँकेची यंत्रणा बंद पडल्यावर दोन्ही बंद. वडिलांच्या कार्डावरचं अ‍ॅड-ऑन कार्ड असेल, तर लिमिट एकच. दोन वेगळ्या बँकांची पण दोन्ही व्हिसा असतील, तर व्हिसा न घेणाऱ्या दुकानात दोन्ही निरुपयोगी. आणि दोन्ही एकाच पाकिटात असतील, तर पाकीटमाराला फरक पडत नाही.

म्हणून संख्या वाढवण्याऐवजी वेगळेपणा वाढवा. एका बँकेचं व्हिसा क्रेडिट, दुसऱ्या बँकेचं मास्टरकार्ड डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड, आणि दोन दिवस निघतील एवढे स्थानिक चलनातले पैसे. एक कार्ड पाकिटात, एक सामानात. एवढ्याने वरच्या पाचही प्रश्नांना कुठला ना कुठला पर्याय उरतो.

निघण्याआधीची यादी

दोन महिने आधी : कार्ड नसेल तर अर्ज. असेल तर नेटवर्क, मुदत आणि मार्कअप तपासा.

एक महिना आधी : आयोजकांना आणि हॉटेलला ईमेल. अनामत किती, कुठलं कार्ड चालतं, कोणाच्या नावाचं लागतं.

एक आठवडा आधी : अ‍ॅपमधली बटणं आणि मर्यादा, पिन एकदा वापरून पाहणं, जुनं बिल भरणं, रोमिंग. बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून घ्या, कारण १८०० चे टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत.

तिथे असताना : प्रत्येक पावती जपा. जर्मनीत ‘बेलेग, बिट्टं’ म्हटलं की पावती मिळते. रोज रात्री तिचा फोटो काढा. परत आल्यावर अकाउंट्स विभाग पावतीवरचे युरो आणि स्टेटमेंटमधले रुपये जुळवून बघतो. दुकानातली तारीख आणि स्टेटमेंटवरची तारीख एक-दोन दिवसांनी वेगळी असू शकते, म्हणून अर्जासोबत दोन्हींचा तक्ता जोडला की फाईल परत येत नाही.

या सगळ्याला मिळून फार तर एक दुपार लागते. पोस्टरचा फॉन्ट ठरवण्यात आपण याहून जास्त वेळ घालवतो. ती एक दुपार काढा, म्हणजे तिथे गेल्यावर डोकं तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये आणि समोरच्याच्या प्रश्नांमध्ये राहील. त्यासाठीच तर एवढ्या लांब जायचं आहे.

शुभेच्छा!